लघुपटाची शंका

“गुरुजी, लघुपटाची एक शंका होती...”

“लघुशंका असेल तर मोरी मागे आहे. मी पावटे सोलतोय, मला उठवू नकोस.”

झालं! दोन मोठे सिनेमे केलेला, परदेशातल्या महोत्सवांत फेटा बांधून मिरवलेला अभिराम कारखानीस पाठशाळेच्या ओसरीवर चांगलाच ओशाळला. वाईच्या याच पाठशाळेत तो लहानपणी श्लोक शिकला होता. गुरुजी तेव्हाही असेच खवचट होते.

तो मुकाट्याने समोर बसला आणि पावटे सोलू लागला.

“घाटाखाली जैतुनबी कल्हई लावायला बसते, गुरुजी. काळंकुट्ट पातेलं हातात घेते नि बघता बघता त्याचा आरसा करते. तिच्यावर नऊ मिनिटांचा सिनेमा करायचाय. चार दिवस नुसता तिच्यापाशी बसून येतोय, जेवायची शुद्ध राहत नाही. इतकं सुख मला मोठ्या सिनेमात कधी मिळालं नाही. सहा वर्षांत कॅमेरा हातात आला जेमतेम दोन महिने, बाकी नुसत्या बैठका!”

“मग कर की.”

“कसा करू? लघुपट मी शिकताना केले. आता पुन्हा तिकडे वळलो तर लोक म्हणतील, घसरला.”

“हं...”

गुरुजींनी हात धोतराला पुसले, खुंटीवरची पाटी काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

“लगक्रम लावायला शिकवलं होतं. आठवतं?”

“न आठवायला काय झालं! लघु अक्षरावर अर्धचंद्र, गुरु अक्षरावर आडवी रेघ.” अभिरामची मान ताठ झाली.

“मग ‘गुरु’ हा शब्द लिही. लाव लगक्रम.”

त्याने झोकात लिहिलं, ‘गुरू’. आणि ‘रू’वर ठसठशीत रेघ ओढली.

“हा मराठीतला झाला. श्लोकातला लिही.”

अभिरामने जीभ चावली. अंगठ्याने रेघ पुसली, दीर्घ उकार पुसला, ऱ्हस्व काढला. ‘गु’वर अर्धचंद्र दिला.

‘रु’पाशी पेन्सिल थबकली...

मग तिथेही अर्धचंद्रच आला.

“दोन्ही लघुच की हो!”

तो पाटीकडे बघत राहिला आणि एकदम खदखदून हसला. कित्येक महिन्यांत तो असा मोकळा हसला नव्हता. उद्या सकाळीच कॅमेरा घेऊन घाटावर जायचं, हे त्याचं तिथेच ठरलं.

पण हुशारी गप्प बसते होय!

“एक सांगू, गुरुजी? तुम्हाला सगळे ‘गुरुजी’ म्हणतात. त्यातला ‘जी’ तर दीर्घ आहे. तो गुरुच!”

गुरुजींनी पावट्याची शेंग फोडली.

“आहे ना. पण तो आपण लावायचा नसतो. लोक लावतात.”