म्हाळू कासाराची आच

ही गोष्ट आजच्या म्हाताऱ्यांच्या पणजोबांनीही ऐकलेलीच, कुणी पाहिलेली नव्हे. तांबुळवाडीत म्हाळू कासार राहत होता. पोटासाठी भांडी घडवायचा, पण जीव सगळा औषधं करण्यात. पारा भाजायला तो एका बैराग्याकडून शिकला, असं म्हणतात.

एका वर्षी गावात फोडांची साथ आली. फोड चिघळायचे, किडे पडायचे, पोरं कण्हत पडायची. दोघं-तिघं दगावलीसुद्धा. म्हाळूला एक पांढरं औषध ठाऊक होतं. पारा कुपीत भरायचा, कुपी वाळूत पुरायची आणि खाली सात दिवस मंद आच द्यायची. आच वाढली की कुपी फुटते, विझली की सगळं वाया जातं. आणि धूर तर जीवघेणा. आधी दोनदा कुपी फुटली होती, त्यात म्हाळूचे पुढचे दात गेले होते.

या खेपेला त्यानं माळावर भट्टी मांडली. वारा गावाकडून माळाकडे वाहत होता. एकेक काटकी सारत तो बसून राही. त्याची बायको चिमाई भाकरी दुरूनच ठेवी. त्याचे सुजलेले डोळे तिला तिथूनही दिसत.

पाचव्या दिवशी दुपारी वारा फिरला. कुपीच्या तोंडावरचा मातीचा लेप तडकला आणि धूर गावाकडे सरकू लागला. चिमाईनं आग विझवायला घागर उचलली.

म्हाळू म्हणाला, "विझवलीस तर पोरं जातील. तू गाव नदीपार ने."

"आणि तुम्ही?"

"आच कोण सांभाळणार?"

चिमाईनं घागर खाली ठेवली. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, गुरंढोरं, सगळ्यांना तिनं पाण्यातून पलीकडे नेलं. मग ती काठावर माळाकडे तोंड करून उभी राहिली. असं म्हणतात, धूर नदीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. माळावरची आच मात्र सातव्या दिवसापर्यंत एकसारखी दिसत होती.

धूर निवळल्यावर चिमाई एकटीच आधी गेली. म्हाळू भट्टीपाशी मांडी घालून बसला होता. अंग गार पडलेलं. दोन दिवसांपूर्वीच प्राण गेला असावा, असं म्हणतात. मग आच कुणी दिली, ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. कुपीच्या गळ्याशी मोगऱ्यासारखं पांढरं औषध धरलं होतं. चिमाईनं ते घरोघरी जाऊन स्वतःच्या हातानं लावलं. पोरं वाचली.

आजही त्या तिथीला तांबुळवाडीत चूल पेटत नाही. उजाडताच अख्खं गाव नदीपलीकडे जातं. संध्याकाळी गावातली सगळ्यात वयस्कर बाई एकटी परतते आणि माळावर जाऊन उभी राहते. ती हात वर करेपर्यंत कुणी पाण्यात पाय टाकत नाही.