झरघुनाचा दगड

सरहद्दीवरच्या त्या खिंडीत वाटेच्या मधोमध एक दगड आहे. बसलेल्या शेळीएवढा, माथा घासून गुळगुळीत झालेला. तो बाजूला का करत नाहीत, असे वाटसरूंनी विचारले की तिथले म्हातारे आधी त्यांना खाली बसवतात आणि मग ही हकीकत सांगतात.

गोऱ्या सरकारचे ठाणे तेव्हा खाली सडकेवर होते. सडकेवर गोळी सुटली तर दंड होई. डोंगरात कोण कोणाला मारतो, ते सरकार बघत नसे. डोंगराच्या वरच्या अंगाला बरखेल आणि खालच्या अंगाला कुजखेल, अशी दोन पठाण कुळे राहत. वैर कशावरून पडले, हे तेव्हाही कोणाला आठवत नव्हते म्हणे. पीक काढायचे दिवस आले की दोन्हीकडचे मलिक, म्हणजे कुळाचे प्रमुख, मिळून खिंडीत दगड ठेवत. दगड आहे तोवर बंदूक चालवायची नाही. मळणीनंतर ठरल्या दिवशी, सूर्य मावळण्याआधी, दोघांनी मिळून तो उचलायचा. त्या दिवशी राहिला, तर पुढच्या पिकापर्यंत तह.

झरघुना ही कुजखेलांची लेक आणि बरखेलांची सून. तिचा नवरा तिच्या भावाने मारला. त्या भावाला तिच्या थोरल्या मुलाने मारले, आणि त्या मुलाला भावाच्या मुलाने, बाजगुलने. आता धाकटा ऐमल उरला होता. दगड उचलला की बाजगुलला मारायची पाळी त्याची होती.

बाजगुल तेव्हा कुजखेलांचा मलिक झाला होता. ठरल्या दिवशी तो खिंडीत पोचला, तर झरघुना पायाशी घागर ठेवून दगडावर बसलेली. पठाण भेटले की म्हणतात तसे तो म्हणाला, "थकू नकोस, आत्या."

झरघुना म्हणाली, "थकलेय."

असे उत्तर कोणी देत नाही. बाजगुल गडबडला. "मग पलीकडे सावलीत बस ना."

"पाय उचलत नाहीत रे. तुला कडेवर घेऊन ही खिंड चढायचे ना, तेव्हापासून दुखतात."

बरखेलांचा मलिक तुरबाज तिचा दीर; तोही आपली माणसे घेऊन आला होता. तो म्हणाला, "वहिनी, उठा आता. पोरं हसताहेत."

"हसू देत. बऱ्याच दिवसांनी हसताहेत."

बाईला हात लावून उठवले तर कुळाची अब्रू जाते. तुमची सून आहे, तुम्ही उठवा. तुमची लेक आहे, तुम्हीच उठवा, या वादात ऊन कलले. शेवटी ऐमल बंदूक घेऊन पुढे आला.

"आई, लोक मला भित्रा म्हणतील."

"म्हणू देत. भित्रा मुलगा निदान जेवायला घरी येतो."

 ऐमल तिच्या पायाशी बसला. त्याला पाहून बाजगुल बसला, आणि सगळ्यांत शेवटी, गुडघे धरत, तुरबाज.  बसल्या बसल्या सूर्य मावळला, असे सांगतात.

आजही मळणी झाली की दोन्ही मलिक ठरल्या दिवशी खिंडीत येतात. त्यांच्याआधी दोहोंपैकी एका कुळातली कोणीतरी बाई दगडावर येऊन बसलेली असते. "थकू नकोस" म्हटले की ती "थकलेय" म्हणते, आणि मग सगळेच अंधार पडेपर्यंत बसून राहतात. वैर मिटले का, असे विचारले तर म्हातारे मान हलवतात. मिटलेले नाही, म्हणतात. दगड उचलायला अजून जमलेले नाही, एवढेच.