खाऱ्या समुद्रावरचे चंदन

फार पूर्वी शूर्पारक बंदरात धर्मकेतू राजाची सत्ता होती. त्या काळी बोधिसत्त्व तिथल्या एका व्यापारी कुळात जन्मला होता. त्याचे नाव श्रीगर्भ. एके वर्षी आपले सारे धन चंदनात घालून तो तीस माणसांसह समुद्रपार निघाला.

भर समुद्रात वारा पडला. शीड लुळे झाले. सात दिवस गेले, दहा गेले. शेवटच्या रांजणातले पिण्याचे पाणी तळाला गेले. जो तो आधी रांजणाकडे आणि मग एकमेकांकडे संशयाने पाही. एका खलाशाला राहवले नाही. तो ओंजळीने समुद्राचे पाणी प्यायला आणि दुपारपर्यंत बरळू लागला.

नावेत कालिंदी नावाची एक बाळंतीण होती. तिचे दूध आटले होते, आणि बाळात रडण्याचेही त्राण उरले नव्हते. ती बोधिसत्त्वाला म्हणाली, "दादा, या पाण्यात एवढं मीठ कुणी हो कालवलं?"

"कुणी नाही, ताई. नद्या डोंगर धूत येतात आणि तिथला खार कणाकणाने इथे आणून टाकतात. सूर्य वर ओढून नेतो ते नुसते पाणी. खार खालीच राहतो. युगानुयुगे हेच चालले आहे."

बोलता बोलता तो थांबला. सूर्य करतो ते विस्तवाने होईल का?

त्याने हंडा अर्धा भरून समुद्राचे पाणी घेतले आणि हंड्याच्या तोंडावर स्वच्छ जाड कापड बांधले. पण सरपण केव्हाच संपले होते.

"चंदन फोडा," तो म्हणाला.

नाव हाकणारा म्हातारा तांडेल पूर्णक कळवळला. "श्रेष्ठी, ही तुमची जन्माची कमाई! आणि पाणी खारटच निघालं तर?"

"निघेलही." बोधिसत्त्वाने पहिला ओंडका स्वतःच पुढे ओढला. "तरी फोडा."

पाणी उकळले. कापड वाफेने चिंब झाले. त्याने ते वाटीत पिळले. कालिंदीने बोट बुडवून जिभेला लावले.

"गोड आहे," ती पुटपुटली आणि रडू लागली.

पाच दिवस चंदन जळत राहिले. प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार घोट येत. सहाव्या दिवशी वारा सुटला. नाव किनाऱ्याला लागली तेव्हा विकायला ढलपीसुद्धा उरली नव्हती. पण तान्ह्या बाळापासून बरळणाऱ्या खलाशापर्यंत सगळे जिवंत उतरले.

ही हकीकत सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा तांडेल म्हणजे तुमच्यात बसलेला हा स्थविर वप्पिल. कालिंदी ती आजची भिक्षुणी सोमदत्ता. श्रीगर्भ मीच होतो. समुद्र खारा का, हे पुष्कळांना ठाऊक असते. दुसऱ्याच्या तहानेसाठी ते ज्ञान वापरावे आणि त्यापायी आपले सर्वस्व चुलीत घालावे, ही दानपारमिता, दानाची पूर्णता."