मागून आणलेली फुलं

"...आणि उद्या कुणाला पक्षाघाताचा झटका आला, तर आपल्या दवाखान्याची तयारी काय आहे, सर?"

शर्वरीने हे पुन्हा विचारलं. परदेशात ती हेच शिकून आली होती. या दुखण्यात पहिले काही तासच हाताशी असतात, आणि ते बहुधा घरच्या डॉक्टरच्या दारातच वाया जातात. म्हणून तर तिथली नोकरी सोडून ती कोकणातल्या या गावी, म्हाताऱ्या भाऊ डॉक्टरांच्या हाताखाली आली होती. भिंतीवर तिने लक्षणांचा तक्ता लावला होता: हसताना तोंड वाकडं, हात वर उचलत नाही, बोलणं अडखळतं. मोठ्या हॉस्पिटलचा नंबर लाल अक्षरांत लिहिला होता.

भाऊ डॉक्टरांनी तक्ता नीट वाचला. चांगला आहे म्हणाले. मग परडी उचलली आणि फुलं मागायला निघाले.

रोज सकाळी हेच. गावातली निम्मी माणसं मुंबईला गेलेली, मागे घरोघरी एकेकटे म्हातारे. डॉक्टर प्रत्येकाच्या अंगणात उभे राहायचे आणि देवाला जास्वंद मागायचे, तीही वरच्या फांदीवरची. म्हातारे हात उंच करून फूल काढायचे आणि हसत म्हणायचे, "डॉक्टरानू, तुमच्या परसात काय दुष्काळ पडलोहा?"

दुष्काळ कसला. डॉक्टरांच्या परसात जास्वंदीच्या फांद्या फुलांनी वाकलेल्या असायच्या. एवढा जाणता माणूस सकाळ अशी घालवतो, याचं शर्वरीला वाईट वाटायचं.

एक दिवस डॉक्टरांना ताप भरला. त्यांनी परडी तिच्या हातात दिली. "आज तू जा."

ती परसात गेली, परडी भरली, देवापुढे ठेवली आणि तातडीच्या औषधांची पेटी लावत बसली.

उन्हं वर आली तेव्हा एकट्या राहणाऱ्या द्वारकामावशींच्या शेजारची सुलभा धापा टाकत दारात आली. "द्वारकामावशी पडली हा. तोंड वाकडा झालाहा, बोलूक येना नाय."

सगळं तक्त्याप्रमाणे झालं. शर्वरीने रक्तातली साखर पाहिली, मावशींच्या तोंडात कुणाला पाणी घालू दिलं नाही, गाडी बोलावली. फोनवर हॉस्पिटलच्या डॉक्टरने एकच विचारलं. त्यांना शेवटचं धडधाकट कुणी पाहिलं? कधी?

शर्वरीने सुलभाकडे पाहिलं. सुलभाने काल संध्याकाळी खिडकीत दिवा पाहिला होता. माणूस नाही.

'तासाभरापूर्वी' हा शब्द शर्वरीच्या जिभेवर आला. तेवढ्यावर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन मिळालं असतं... आणि वेळ खोटी निघाली, तर त्याच इंजेक्शनने मेंदूत रक्तस्राव झाला असता.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग इंजेक्शनचं सांगता येत नाही. पण आणा लगेच."

गाडी गेली. मावशींच्या अंगणात वरच्या फांदीवर जास्वंद तशीच होती.

संध्याकाळी ती डॉक्टरांच्या खाटेशी येऊन बसली. जीव वाचला, असा निरोप होता. उजवा हात आणि बोलणं मात्र...

डॉक्टर देवापुढच्या भरगच्च परडीकडे बघत राहिले.

"मला सांगायचं तरी, सर. फुलं कशासाठी ते."

"सांगितलं असतं, तर तू तपासायला गेली असतीस."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परडी घ्यायला त्यांच्या घरी आली. घरात आवाज म्हणून नव्हता. फळीवर एकच ताट, एकच पेला. ती रोज इथे येत होती, पण हे आज दिसलं.

परडी घेऊन ती फाटकापर्यंत पोचली, तेवढ्यात मागून हाक आली.

डॉक्टर भिंतीच्या आधाराने परसात आले होते. त्यांनी आधार सोडला. दोन्ही हात उंच केले, वरची फांदी वाकवली, एक फूल तोडलं आणि तिच्या रिकाम्या परडीत ठेवलं.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली...

डॉक्टर हसले. म्हणाले, "सुरुवात या घरापासून करत जा."