कुलूपबंद घर आणि उतू गेलेलं दूध

रुईनगरच्या उदाजीराजांनी आपल्या आजोबांनी बांधलेलं एक घर विकायला काढलं, आणि अट अशी घातली की ऐकणाऱ्यानं कपाळाला हात लावावा. घर कुलूपबंदच विकलं जाणार होतं. घेणाऱ्यानं आधी विसार द्यायचा, मग उरलेली किंमत चुकती करायची आणि तेव्हा कुठे किल्ली हातात पडायची. तोवर उंबरा ओलांडायचा नाही, खिडकीतून डोकावायचं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे चौकशी करायची नाही. कारण काय, तर लोक घर बघायला म्हणून येतात आणि आजोबांच्या हातच्या घराला नावं ठेवून जातात. राजांना तेवढं मात्र सहन होत नसे.

नागोजी कोष्टी म्हणजे भोळा सांब. माग मांडायला ऐसपैस जागा मिळेल एवढं ऐकलं आणि त्यानं बायकोच्या हातातले चांदीचे गोठ विसार म्हणून नेऊन दिले. घरी येऊन मग सांगितलं. बायको चुलीकडे तोंड करून बसली. त्यांची लेक ठकू मात्र गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. घर ओलं निघालं तर सूत कुजणार, धुरकट निघालं तर काळं पडणार. मग बापानं विणायचं काय आणि खायचं काय? दुसऱ्या दिवशी तिनं थेट दरबार गाठला आणि घर एकदा बघू द्या म्हणून विनवलं.

राजे हट्टाला पेटले. "बघायचं नाही म्हणजे नाही! पण एवढी चिंता आहे ना, तर बाहेर उभी राहून त्या घरातल्या खोडी सांग. खऱ्या निघतील तेवढ्या मी पदरमोड करून दुरुस्त करून देईन. एक जरी खोटी निघाली, तर विसारही गेला आणि घरही गेलं."

दरबारी गालात हसले. आईची मोकळी मनगटं ठकूच्या डोळ्यांपुढून हलेनात. तरी ती हात जोडून म्हणाली, "चालंल, महाराज. पन येक रीत हाय. घर देणाऱ्यानं आधी त्या घरात चूल पेटवायची आन दूध उतू घालायचं. येकट्यानं, सोताच्या हातानं. त्याबगार घेणाऱ्याला घर लाभत न्हाई."

कारभारी दाजीपंतांच्या भुवया वर गेल्या. दूध घेणारा उतू घालतो, देणारा घालतो हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं, आणि तसं ते बोललेही. ठकूनं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आजोबांच्या घरात नातवानं घटकाभर बसायचं, त्यात महाराजांना जड ते काय, एवढंच तिनं अगदी साळसूदपणे विचारलं. झालं! राजांनी तिथल्या तिथे दुधाचं पातेलं मागवलं.

सारं गाव त्या घरापुढे जमलं. ठकू रस्त्यापलीकडच्या पारावर जाऊन बसली, म्हणजे डोकावली असं कुणी म्हणायला नको. राजे पातेलं घेऊन आत शिरले, दार लोटलं गेलं आणि लगेच आतून 'ठण्' असा आवाज आला. मग थोडी शांतता. मग खोकला. मग बराच वेळ नुसता खोकलाच. शेवटी दार आतून धडाधडा वाजू लागलं, आणि राजांनी खांदा लावला तेव्हा एकदाचं उघडलं.

राजे बाहेर आले आणि गावानं तोंडाला पदर लावला. ठकू पारावरून उतरून पुढे आली.

"सांगू, महाराज? माजघराच्या दाराची चौकट बुटकी हाय, तुमच्या कपाळावर टेंगूळ आलंय. धुराला वर वाट न्हाई, डोळं लाल आन मिशा काळ्या झाल्यात. दूध तापंस्तवर तुमी भितीला टेकून बसलासा, ती भित वली हाय. चुना पाठीला चिकटलाय बघा. दार फुगलंय, ते तर समद्या गावानं ऐकलं. आन पिसवा हाईत. त्ये मी सांगायची गरज न्हाई, मघाधरनं तुमचा हातच सांगतोय."

राजांनी मान खाजवणारा हात झटकन खाली घेतला.

"ह्यातली येक तरी खोटी हाय का, महाराज?"

राजे काहीतरी खणखणीत बोलायला गेले, पण त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांना एकदम आठवलं. "थांब, थांब! दाजीपंत म्हणाले तेच खरं. असली रीत मीही कधी ऐकली नाही. कुणाची गं ही रीत?"

ठकू म्हणाली, "कालपातूर कुनाचीच न्हवती, महाराज. आज राजानं पाळली, आता राज्याची झाली!"

राजे जे हसत सुटले, ते टेंगूळ ठणकायला लागलं तरी थांबेनात. ठकूच्या आईचे गोठ त्याच दिवशी घरपोच गेले आणि विसार पोचला असंच धरलं गेलं. गवंडी-सुतार घरात शिरले, भिंत कोरडी झाली, धुराडं बसलं, चौकट उंच झाली. मग नागोजीनं तिथे माग मांडला.

आणि रुईनगरात अजूनही कुणाला घर विकायचं झालं, की मालक दुधाआधी गवंड्याला बोलावणं धाडतो.