खंडेनवमीचा कागद

सन २०१९. अश्विन शुद्ध नवमी, म्हणजे खंडेनवमी. परतीचा पाऊस थांबून चार दिवस झाले होते आणि रानात शाळूची पेरणी चालू होती.

त्या वर्षी माणगंगेच्या काठच्या एका गावात विश्वंभर तांबट नावाचा तरुण राहत होता. वय तीस. गावात कॉम्प्युटरचे काम जाणणारा तो एकटा. ग्रामपंचायतीचे मशीन अडले, बोलवा विश्वंभरला. कुणाला वेबसाइट हवी, बोलवा विश्वंभरला. पाच वर्षे असे चालले. लोक त्याला मास्तर म्हणत.

मग ज्येष्ठात वैजयंती सुतार पुण्याची नोकरी सोडून गावी आली. ती त्याच्याच वर्गातली आणि तिचे कामही हेच. आषाढात पंचायतीचे मशीन पुन्हा अडले, तेव्हा बोलावणे तिच्या घरी गेले. त्या दिवशी विश्वंभरला जेवण गेले नाही.

गावच्या शाळेला कार्तिकात शंभर वर्षे पुरी होत होती. समितीचे प्रमुख दिनकर गुरुजी. त्यांनी ठरवले की शाळेच्या नावाने लगोरीचा खेळ फोनवर आणायचा. फोनमध्ये वेगळे काही उतरवून घ्यायला नको. लिंक दाबली की ब्राउझरमध्ये उघडला पाहिजे, मग फोन मुंबईच्या साहेबाचा असो की वाडीवरच्या बाईचा. खेळ विश्वंभर आणि वैजयंती दोघांनीही आपापला करावा. ज्याचा चांगला निघेल त्याच्याकडे शाळेचा कॉम्प्युटरचा वर्ग जाईल.

विश्वंभरला वर्ग हवा होता. त्याहून जास्त हवे होते मास्तर हे नाव.

खंडेनवमीला त्या गावात घरोघर हत्यारे पुजतात आणि शेजारी एकमेकांच्या पूजेला हात जोडायला जातात. विश्वंभर वैजयंतीकडे गेला. हात जोडायचे निमित्त, बघायचे होते वेगळेच. पाटावर तिच्या वडिलांची सुतारकामाची हत्यारे, वाकस, रंधा, पटाशी मांडलेली. शेजारी लॅपटॉप. त्यापुढे हळदकुंकू लावलेला एक कागद. प्रोग्राम लिहिण्याची हत्यारे पाटावर ठेवता येत नाहीत, म्हणून वैजयंतीने त्यांची नावे लिहून पुजली होती. नावे नऊ.

"काय वाचतोयस रे विश्वा? प्रसाद घे."

"वाचतोय कुठे? अक्षर बघतोय. शाळेत होतं तसंच, कोंबडीचे पाय."

"असू देत. देवाला वाचता येतं."

विश्वंभरने प्रसाद घेतला आणि नऊही नावे पाठ करून घरी आला. त्याने स्वतः तोवर दोनच हत्यारे ठरवली होती. लिहायला साधी जावास्क्रिप्ट आणि चित्र काढायला ब्राउझरमधलाच कॅनव्हास. दोन्हींवर त्याचा हात बसलेला. तिच्या कागदावर ती दोन होतीच, पण वर आणखी सात होती.

ही नऊ हत्यारांनी लगोरी करणार आणि मी दोन घेऊन बसू? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने सातही घेतली. तेवढ्याने पोट भरेना, म्हणून आणखी दोन घेतली. एक चित्राला खोली देणारे आणि एक सावल्या पाडणारे.

"तिची नऊ, माझी अकरा," तो आईला म्हणाला.

"लगोरीत दगड सातच असतात रे," आई म्हणाली आणि ज्वारी निवडू लागली.

अकरा हत्यारे म्हणजे अकरा जावई. एकाचे केले की दुसरा रुसायचा. एकाची नवी आवृत्ती आली, ती दुसऱ्याला ओळखेना. तिसरे चालायला चौथे लागे. महिन्यातले सत्तावीस दिवस त्यांची समजूत काढण्यात गेले. खेळाच्या वाट्याला तीन आले. तरी विश्वंभर खूश होता. त्याच्या मशीनवर धूळ उडत होती, दगडांच्या सावल्या हलत होत्या. वैजयंतीकडे एवढे असणार नाही, हे मनात आले की त्याच्या जिवाला गार वाटे.

तुळशीच्या लग्नादिवशी शाळेत दोन्ही खेळांची परीक्षा झाली. गुरुजी म्हणाले, "पहिला फोन शेवंताबाईंचा."

शेवंताबाई शाळेत खिचडी शिजवत. फोन स्वस्तातला, काच तडकलेली. त्यांनी वैजयंतीची लिंक दाबली. खेळ लगेच उघडला. शेवंताबाईंनी जपून चेंडू मारला आणि तीन दगड पडले.

"अगं बया! पडले की!"

मग विश्वंभरची लिंक दाबली. पडद्यावर चक्र फिरू लागले.

"फिरतंय," शेवंताबाई म्हणाल्या.

"फिरू द्या."

"मी देईन हो. पण तिकडं खिचडी लागेल."

सगळे हसले. चक्र फिरत राहिले. फोन तापला, काळा झाला आणि बंद पडला. विश्वंभरचे नाक चारचौघांत कापले गेले.

"निकाल लागला," गुरुजी म्हणाले.

"नाही लागला, गुरुजी," वैजयंती म्हणाली. "समारंभाला दहा दिवस आहेत. त्यातले आठ त्याला द्या. निकाल मागाहून सांगा."

"तुझं काय जातंय त्यात?"

"खेळलाच नाही तो. न खेळलेल्या गड्याला हरवून काय मिरवू?"

गुरुजींनी आठ दिवस दिले.

फाटकाबाहेर विश्वंभरने तिला गाठले. "उपकार कुणी मागितले होते? आणि मला एवढं सांग, नऊ हत्यारांनी तुझं उघडतं, तर अकरांनी माझं का नाही?"

"नऊ कुठली?"

"खंडेनवमीच्या कागदावरची."

वैजयंती मोठ्याने हसली. "अरे शहाण्या, पूजेला घरातलं झाडून सगळं मांडतात. पाटामागं आजोबांची मोडकी करवत होती. तिनं कुणी लाकूड कापतं का? पुण्यात ज्यांच्या जिवावर पोट भरलं, त्या सगळ्यांची नावं होती ती. लगोरीला दोनच घेतली. जावास्क्रिप्ट आणि कॅनव्हास."

तीच दोन. त्याने महिन्यापूर्वी ठरवलेली. विश्वंभर तडक घरी गेला.

आता मात्र त्याने काम केले. नऊ हत्यारे पुसून टाकली. दोन ठेवली. पाच दिवसांत खेळ उभा राहिला. धूळ नाही, सावल्या नाहीत, पण दगड पडत होते. शेवंताबाईंच्या फोनवर उघडलाही.

मत्सर मात्र गेला नाही. उलट वाढला, कारण आता त्यावर उपकाराचे ओझे होते. रोज दुपारी तो वैजयंतीचा खेळ उघडून बसे आणि खोट शोधे. शंभर वेळा चेंडू मारी. सातव्या दिवशी खोट सापडली.

तिच्या खेळात चेंडूवर बोट ठेवून खाली ओढायचे आणि सोडायचे. हळू ओढले तर ठीक. पोरांसारखे जोरात ओढले, तर ब्राउझरला वाटे की आपले पानच कुणी खाली ओढते आहे. मग पान नव्याने उघडे आणि गुण शून्य. वैजयंतीच्या फोनवर ब्राउझर वेगळा होता, तिला हे दिसले नव्हते. शेवंताबाईंनी जपून मारला होता. समारंभाला दोनशे पोरे जपून मारणार नव्हती.

विश्वंभरचा स्वतःचा खेळ सुखरूप होता. त्यात बोट वर सारायचे असे. त्याला काहीच करायचे नव्हते. नुसते मूग गिळून बसायचे होते. समारंभात सगळ्या गावासमोर तिची फजिती होईल, वर्ग आपला, नावही आपले.

त्या दिवशी त्याला भूक लागली. आईने विचारले, "आज काय मिळालं एवढं?"

"काही नाही."

जेवताना त्याने दिवस मोजले. सात सरले होते, एक उरला होता. हे आठही दिवस तिने दिलेले. ते नसते तर दाखवायला त्याच्याकडे फिरणारे चक्र होते. तिच्याच दिवसांत बसून तो तिची खोट शोधत होता. तिसरी भाकरी त्याने परत टोपलीत ठेवली.

आठव्या दिवशी सकाळी तो सुतारांच्या दारात उभा राहिला.

"वैजू, तुझा खेळ मोडतो."

"जळतोस तू."

"जळतो. तरी मोडतो."

त्याने आपला फोन काढला, बारा गुण केले आणि चेंडू जोरात ओढला. पान नव्याने उघडले. बाराचे शून्य झाले. वैजयंतीने फोन हिसकावून स्वतः तीनदा ओढून पाहिले. तिचा चेहरा उतरला.

"दोनशे पोरं येणार आहेत रे."

"एका ओळीचं काम आहे. पान ओढू द्यायचं नाही, एवढं ब्राउझरला सांगायचं. सरक."

तो तिच्या लॅपटॉपपुढे बसला आणि ती ओळ लिहिली. तिने पुन्हा जोरात ओढले. पान हलले नाही.

"गप्प बसला असतास तर वर्ग तुझा होता," ती म्हणाली.

"ठाऊक आहे."

समारंभाला गुरुजींनी दोन्ही खेळ पाहिले आणि वैजयंतीचा निवडला. तो खरोखर सरस होता. दोनशे पोरांनी चेंडू ओढले, कुणाचा एक गुण गेला नाही. मांडवात कुणीतरी तिला "मास्तरीणबाई" म्हणून हाक मारली. ती विश्वंभरने ऐकली. लागायची तेवढी लागली.

वैजयंती त्याच्याजवळ आली.

"फिटलं, विश्वा."

"फिटलं," तो म्हणाला.

तात्पर्य: हत्यार कामाला विचारून निवडावे, शेजाऱ्याच्या पाटाकडे बघून नव्हे, आणि मत्सराच्या डोळ्याला दुसऱ्याची खोट दिसली, तर ती ज्याची त्याला जाऊन सांगावी.