ढोलीतली धनेशीण

डोंगराच्या कुशीत, रानाला खेटून वसलेल्या एका गावात एक सुईण होती. तिच्या हाताला यश असं, की अडलेली बाई हिचा आवाज उंबऱ्याशी ऐकूनच निम्मी सुटायची. मन तर लोण्याहून मऊ. खोड एकच. कुणाचं दुःख दिसलं रे दिसलं, की हिचे हात आधी धावायचे आणि डोळे मागून यायचे. पोर रडताना दिसलं की घे उचलून, वासरू लंगडताना दिसलं की बांध पट्टी. पोर का रडतंय, वासराला झालंय काय, हे विचारायला बाईंना सवड कुठली!

उन्हं तापू लागली होती. एके सकाळी सुईण आपल्या धाकट्या जावेला घेऊन सरपणाला रानात गेली. करवंदीच्या जाळीमागे बसून दोघी मोळ्या बांधत होत्या, तेवढ्यात डोक्यावरून पंखांचा मोठा आवाज गेला. पाहतात तो काय, केवढा थोरला धनेश! चोच पिवळीधमक, तिच्यावर आणखी शिंगासारखा उंचवटा. स्वारी समोरच्या बेहड्यावर उतरली, खोडाला बिलगली आणि चोचीने टकटक करू लागली. मग मान झटकून त्याने गळ्यातून एक उंबर वर काढलं आणि चक्क खोडात घातलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अगं बाई, झाडाला भरवतोय की काय हा?" धाकटी खुदकन हसली.

धनेश उडून गेला तशी सुईण लगबगीने उठली. झाड उतारावर होतं, त्यामुळे वरच्या कातळावर उभं राहिलं की खोडातली ढोली अगदी हाताशी येई. ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून टाकलेलं होतं. मधे एक अरुंद उभी फट, आणि त्या फटीत दुसरी एक चोच. आत मादी होती! खाली झाडाच्या बुंध्याशी तिची लांबलचक पिसं पडली होती.

सुईणीचा जीव कळवळला. "बघितलंस? बायकोला कोंडून घातलंय मेल्याने! पिसं बघ कशी उपटून काढलीत. उडून जाईल म्हणून!"

"अहो जाऊबाई, पण खायला घालतोय की तिला. दोन दिवस नीट बघू तरी, काय भानगड आहे ती."

"बंदिशाळेतही भाकरी मिळते म्हटलं! तू बघत बस. ती आत गुदमरून मरेल, मग बघून काय करशील?"

सुईणीने कमरेची कोयती काढली आणि ढोलीच्या चिखलाच्या भिंतीवर घाव घातला. लिंपण वाळून दगडासारखं झालं होतं. तरी बाई हटतेय कसली! तिसऱ्या घावाला तळहाताएवढा तुकडा खाली पडला.

"ये गं बाई, ये बाहेर," म्हणत तिने हात आत घातला, आणि "आई गं!" करून मागे घेतला. धनेशिणीने बोटाचा असा चावा घेतला होता, की रक्ताची धार लागली.

आता कुठे बाईंनी भगदाडाला डोळे लावून आत पाहिलं. आत धनेशीण अंग फुगवून बसली होती. पंखांची मोठी पिसं सगळी झडलेली, शेपटी नाहीच. आणि पोटाखाली एक उघडंवाघडं, गुलाबी पिल्लू, शेजारी पांढरं अंडं. पिसं कुणी उपटलीच नव्हती. नवी पिसं बारीक कोंबांसारखी फुटत होती. अशा पंखांनी ती उडणार कशी होती? बाहेर काढली असती, तर धपकन खाली पडून कोल्ह्याच्या तोंडी गेली असती.

सुईणीने कोयती खाली टाकली. "अगं, ही बाळंतीण आहे. जन्मभर बाळंतिणीच्या खोलीचं दार कुणी उघडलं की मी अंगावर धावून जाते, आणि आज मीच कोयतीने दार फोडलं! कुठे फेडू हे पाप?"

"रडू नंतर," धाकटी म्हणाली. "ते बघा आधी."

वाळल्या पाल्यात सळसळ झाली. एक घोरपड जीभ लपलपवत बेहड्याकडे निघाली होती. सुईणीने दगड भिरकावून तिला पिटाळलं आणि पदर खोचून ढोलीसमोर पहारा धरला. पण उन्हं वर आली तरी धनेश काही परतेना. गळा उंबरांनी फुगलेला, आणि तो पलीकडच्या झाडावर नुसता या फांदीवरून त्या फांदीवर नाचत होता.

"हा का येत नाही?" सुईण हैराण झाली.

"तुम्ही ढोलीच्या तोंडाशी उभ्या! कसा येईल? तुम्हाला भितोय तो."

म्हणजे उभं राहिलं तर आई उपाशी, निघून गेलं तर घोरपड टपलेली. करायचं तरी काय? शेवटी दोघी करवंदीच्या जाळीमागे जाऊन बसल्या. हलायचं नाही, बोलायचं नाही. सुईणीला तर ही शिक्षाच! हात सारखे शिवशिवत. घोरपड पुन्हा आली की तेवढा एक खडा मारायचा, की परत चिडीचूप.

आणि बसल्या बसल्या तिला दिसू लागलं. धनेश आला, आधी त्याने उंबरं भरवली, मग चोचीतून ओल्या मातीच्या गोळ्या दिल्या. धनेशिणीने त्या आतूनच भगदाडाला लावल्या. चोच आडवी धरून थाप थाप थापल्या, फळांचा चोथा मिसळला, पुन्हा थापल्या. कुणी कोंडलं नव्हतं तिला. भिंत तिची होती, तिनेच घातलेली! सुईण आ वासून पाहत राहिली. दिवस मावळायच्या आत पुन्हा फटीएवढीच जागा उरली, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

त्यानंतर तिला नादच लागला. सवड मिळाली की जाळीमागे. धनेश कोणत्या वेळी येतो, एखादा सरडा कसा आणतो, धनेशीण शिटायला फटीकडे पाठ कशी करते आणि घर कसं स्वच्छ ठेवते, सगळं तिला पाठ झालं. पुढे अंड्यातूनही पिल्लू निघालं.

मग एका सकाळी आतून ठकठक सुरू झाली. धनेशिणीने आपली भिंत आपणच फोडली आणि नव्याकोऱ्या पंखांनी ती पिल्लांसाठी चारा आणायला आभाळात झेपावली. सुईणीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

पण धाकटी घाबरली. "अहो, पिल्लं उघडी पडली की! त्यांना अजून उडता येत नाही. घोरपड येईल. चला ना, चिखल लावू आपण!"

"गप बस," सुईण तिचा हात धरून म्हणाली. "अगदी कळवळा आला तरी बस. आधी बघू."

दोघी श्वास रोखून पाहत राहिल्या. ढोलीच्या तोंडाशी दोन इवल्या चोची आल्या. इकडे वळल्या, तिकडे वळल्या. आणि ज्यांना कुणी कधी शिकवलं नव्हतं, त्या पिल्लांनी घरट्यातल्या चोथ्याने आतून भिंत लिंपायला घेतली. थाप, थाप, थाप.

तात्पर्य काय, तर ज्याला सोडवायला आपण धावतो, तो खरंच अडकला आहे का, हे आधी निरखून पाहावं. थांबून पाहणं हीसुद्धा मदतच असते.